क्लबहाऊस : हात वर करायला मला एकोणीस दिवस लागले

बत्तीस वर्षं मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये काढली. आत जाताना मोबाइल गेटबाहेर, आणि बाहेर आल्यावर आतलं काही बोलायचं नाही. मशीन चालू असताना शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करून. असा माणूस निवृत्तीनंतर, २०२१ साली, क्लबहाऊस नावाच्या नुसत्या बोलण्याच्या ॲपवर गेला म्हटल्यावर घरी जी हसाहस झाली, तिच्यात त्यांची चूक नाही.

पण मला बोलायचं नव्हतंच. मला ऐकायचं होतं. दरवर्षी मे महिन्यात ऊन उतरलं की मी नाशिकरोडहून शालिमारची बस पकडायचो, भांडीबाजारातून खाली उतरायचो आणि गोदाघाटावर देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसायचो. मागच्या बाजूला. वक्ता रंगला तर नऊपर्यंत, नाही रंगला तर हळूच उठून चहा. दोन उन्हाळे ते बंद. त्या वर्षी मार्चच्या २६ ते २८ला आपल्याकडे साहित्य संमेलन होणार होतं, नारळीकर अध्यक्ष, मी नवा सदरा शिवून ठेवला होता. कोरोनाने तेही पुढे ढकललं. सदरा कपाटातच राहिला. त्यातच एप्रिलमध्ये उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघणं कमी करा म्हणून बजावलं. टीव्ही बंद, पेपर हिने वाचून दाखवायचा. राहता राहिली आकाशवाणी, १०१.४. ती लावतोच. पण रेडिओला उलट काही विचारता येत नाही.

माझा पुतण्या हिंजवडीला असतो. त्याच्याकडे आयफोन, म्हणून तो जानेवारीपासूनच क्लबहाऊसवर. हे ॲप निघालं २०२० साली, पण वर्षभर फक्त आयफोनवाल्यांसाठी. इलॉन मस्क त्यावर बोलायला आला आणि पाच हजार माणसांची गप्पांची खोली क्षणात भरली, हे त्याने मला फेब्रुवारीत इतक्या वेळा सांगितलं की जणू मस्कने त्यालाच आधी फोन केला होता. आपल्यासारख्या अँड्रॉइडवाल्यांना भारतात ते २१ मेला मिळालं. २९ तारखेला, शनिवारी, त्याचा फोन आला. "काका, माझ्याकडे दोनच आमंत्रणं आहेत. एक तुम्हाला देतो. वाया घालवू नका."

तेव्हा आमंत्रणाशिवाय आत जाता येत नव्हतं. नुसतं ॲप उतरवलं तर नाव राखून बाहेर बसायचं, मंगल कार्यालयाबाहेर पत्रिका नसलेल्यासारखं. आणि ज्याने आमंत्रण दिलं त्याचं नाव-फोटो तुमच्या पानावर कायम राहायचा. म्हणजे पुढे मी काही वेडंवाकडं बोललो तर लोकांना कळणार, याला कुणी आत आणलं. मला ही पद्धत आवडली होती. प्रेसमध्येही नव्या पोराबद्दल पहिला प्रश्न हाच असायचा, कुणाचा रे तू? २१ जुलै २०२१पासून कंपनीने आमंत्रणाची अट काढून टाकली, कुणीही थेट जाऊ शकतं. तुमची सोय झाली. खोल्यांचं काय होतं ते बघू.

सुरुवात करणं अवघड नाही, पण तेव्हा सगळं इंग्रजीत होतं. मोबाइल नंबर द्यायचा, आलेला आकडा टाकायचा, खरं नाव लिहायचं. नाव नीट लिहा, ते पुढे मनात येईल तेव्हा बदलता येत नव्हतं. मी घाईत आडनावात एक अक्षर जास्त टाकलं आणि ती दुरुस्ती करायला पुतण्याचा एक रविवार गेला. फोटो लावा. बिनफोटोच्या माणसाला कुणी बोलायला वर घेत नाही, हे मी नंतर पाहिलं. मग स्वतःबद्दल लिहायचं. त्यातल्या पहिल्या तीन ओळीच लोकांना चटकन दिसतात, म्हणून जे सांगायचं ते वरच सांगा. मी लिहिलं : 'निवृत्त, नाशिकरोड. ऐकायला आलोय. मराठीत बोलतो.' पुतण्या म्हणाला, फार रुक्ष आहे. मी तसंच ठेवलं.

ॲप फोनमधले सगळे नंबर मागतं. ते दिले नाहीत तरी आत जाता येतं. दुसऱ्याला आमंत्रण द्यायचं तर मात्र ते द्यावेच लागतील, असं मला तेव्हा वाटलं. माझ्या फोनमध्ये दूधवाल्यापासून ते युनियनच्या जुन्या लोकांपर्यंत सगळे आहेत, त्यांना न विचारता त्यांचे नंबर परदेशी कंपनीला का द्यायचे, म्हणून मी तीन दिवस अडून बसलो. शेवटी दिले, कारण मलाही दोन आमंत्रणं मिळाली होती आणि त्यातलं एक घरातच मागितलं जात होतं. हे मनाला लागून राहिलंय. तुम्हाला आता तशी गरज नाही, तेव्हा देऊ नका.

त्यापुढची चूक माझी. 'यांच्या मागे जा' म्हणून एक लांबलचक यादी आली. चष्मा हाताशी नव्हता, वाटलं सगळ्यांना हो म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं. त्या रात्री दोन वाजता फोन टिंग टिंग करायला लागला. अमेरिकेतला कुणी उद्योजक बोलायला बसला होता, मग आणखी एक, मग तिसरा. त्यांची तेव्हा दुपार. हिने फोन उशीखालून काढून फ्रिजवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सूचना 'अगदी क्वचित' वर आणल्या आणि एकेकाचा हात सोडवून घेतला. सुरुवातीला दहा माणसं पुरतात. ज्यांना ऐकायचंय तेच लोक निवडा, म्हणजे ॲप त्याच वळणाच्या खोल्या पुढे आणतं. माझी मराठी खोल्यांची वाट अशीच सापडली. पुण्याच्या एका बाईंच्या मागे गेलो आणि चार दिवसांत समोरचं सगळं पान मराठी.

चिन्हाबद्दल एक सांगायचं राहिलं. तेव्हा या ॲपचं चिन्ह म्हणजे अक्षर किंवा चित्र नव्हतं, ते वापरणाऱ्यांपैकीच कुणा एकाचा काळा-पांढरा फोटो असायचा, आणि तो अधूनमधून बदलायचा. माझ्या फोनवर एक अनोळखी बाई का आहे, याचा खुलासा मला घरी दोनदा करावा लागला.

आता आतली रचना, तेव्हा होती तशी. प्रत्येक गप्पा म्हणजे एक खोली. वरच्या बाजूला मंच, तिथे बोलणारे. त्याखाली, बोलणाऱ्यांच्या ओळखीचे. सगळ्यात खाली आपण, बाकीचे. ज्याच्या नावाशी हिरवं फुलासारखं चिन्ह तो सूत्रधार. कुणाला वर घ्यायचं, कुणाचा माइक बंद करायचा, कुणाला खाली धाडायचं, सगळं त्याच्या हातात. तुम्ही नवे असाल तर आठवडाभर तुमच्या फोटोला एक पार्टीचं चिन्ह लटकलेलं असतं. मला ते नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखं वाटायचं. लपायची सोय नाही. पण फायदा असा की ते बघून लोक सांभाळून घेतात.

तेव्हा खोलीत टाळी नव्हती, अंगठा नव्हता, खाली प्रतिक्रिया लिहायची जागा नव्हती. नुसता आवाज. मंचावरच्या कुणाला टाळी वाजवावीशी वाटली तर तो आपला माइक भराभर चालू-बंद करायचा, काजव्यासारखा. खाली बसलेल्यांना तेही नव्हतं. आणि निघायचं बटण आहे त्यावर लिहिलंय 'लीव्ह क्वाएटली'. गुपचूप निघा. कुणाला कळत नाही, कुणी वळून बघत नाही. घाटावरून उठताना मला निदान चार जणांच्या गुडघ्यांना सॉरी म्हणावं लागायचं.

फोन खिशात, कानात वायरवाले इअरफोन, आणि मी गच्चीवर झाडांना पाणी घालतोय, गवार मोडतोय, जेलरोडवरून दळण घेऊन येतोय. दुसरं काही उघडलं तरी खोली मागे चालू राहते. डोळ्याला काम नाही. माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. नेट फार खात नाही, रोजच्या दीड जीबीत दोन-तीन तास आरामात ऐकून होतं. बॅटरी मात्र बसते. फोन जुना असेल तर चार्जर घेऊनच बसा.

पहिल्या अठरा दिवसांत मी किती खोल्या ऐकल्या याची मोजदाद नाही. रात्री साडेदहानंतर भुताच्या गोष्टी. त्या चांगल्या असतात, कारण कोकणातला माणूस सांगताना मागे खरंच रातकिडे ऐकू येतात. शेअर बाजाराच्या खोल्यांत मी एकदा गेलो आणि परत गेलो नाही. 'माझ्या ग्रुपला या, पुढचं तिथे सांगतो' हे वाक्य आलं की उठायचं, एवढा नियम केला. कवितांच्या खोल्या भरपूर, त्यांत ऐकणारे कमी आणि आपली पाळी कधी येते ते बघणारे जास्त. काही खोल्यांत नुसता परिचय चालतो. एक गृहस्थ आपण काय काय आहोत हे सात मिनिटं सांगत होते आणि मग म्हणाले, "तर माझा प्रश्न असा की..." आणि प्रश्न विसरले.

खोली चांगली की वाईट हे विषयावर ठरत नाही, सूत्रधारावर ठरतं. चांगला सूत्रधार दर पंधरा-वीस मिनिटांनी नव्याने आलेल्यांना दोन वाक्यांत सांगतो, काय चाललंय. लांबड लावणाऱ्याला 'आपण थांबलात तर बरं' हे न दुखावता म्हणतो. वाईट सूत्रधार आपल्याच चार मित्रांना वर ठेवतो आणि खाली शंभर लोक हात वर करून ताटकळतात. नवख्याने दहा मिनिटांत हे ओळखावं आणि ते गुपचूपचं बटण दाबावं.

१७ जूनच्या संध्याकाळी एका खोलीत जुन्या नाशिकच्या आठवणी चालल्या होत्या. छान चाललं होतं. टांगे, सरकारवाडा, पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते. मग एकजण ठामपणे म्हणाले, नाशिकरोडला नोटांचा छापखाना स्वातंत्र्यानंतर आला. मंचावर पाच जण होते, पाचही जण "अच्छा, हो का" म्हणाले.

मी कुंडीत पाणी घालत होतो. ते पायावर सांडलं.

आमच्याकडे आधी टपाल तिकिटांचा छापखाना आला, १९२५ साली. त्याआधी तिकिटं विलायतेतून छापून यायची. नोटाही तिकडूनच यायच्या. १९२८ साली नोट प्रेस सुरू झाली आणि पहिली छापली ती पाच रुपयांची. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा प्रेसला वीस वर्षं व्हायला आली होती. ही काही आतली गोष्ट नाही, पुस्तकांत छापलेली आहे. पण बत्तीस वर्षांची सवय अशी की प्रेसचं नाव कुणी काढलं तरी मी विषय बदलतो. मी पाच मिनिटं, 'मला बोलायचंय' म्हणायचं ते हाताचं चिन्ह बघत उभा राहिलो. मग दाबलं.

मला वाटलं होतं वेळ लागेल. सूत्रधार बाईंनी लगेच वर घेतलं. "या काका, नवीन दिसताय. बोला." वर गेलं की माइक कधीकधी चालूच असतो, पहिलं काम तो बघायचं. मी बघितला नाही. त्यामुळे माझं पहिलं सार्वजनिक वाक्य होतं, "अगं, बादली धर." मग मी सांगितलं. सन सांगितले, पाचाची नोट सांगितली. बोलता बोलता माझाच आवाज मला मागून परत यायला लागला, अर्ध्या सेकंदाने, घाटावर दोन भोंगे समोरासमोर लावल्यासारखा. १९२८, अठ्ठावीस. पाच रुपये, रुपये. मी थांबलो की तोही थांबायचा. सूत्रधार बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या घरात अजून कुणीतरी हीच खोली ऐकतंय. त्यांना आवाज बंद करायला सांगा." आमच्या दाराआड ही तिचा फोन हातात घेऊन उभी होती, स्पीकर पूर्ण मोठा करून. माझं पहिलं आमंत्रण तिलाच दिलं होतं ना. मंचावरचे सगळे माइक काजव्यासारखे लुकलुकायला लागले. ते १९२८ साठी होतं की तिच्यासाठी, मला अजून कळलेलं नाही.

ज्यांनी स्वातंत्र्यानंतरचं म्हटलं होतं ते गृहस्थ म्हणाले, "बरोबर आहे साहेब, मी चुकीचं ऐकलं होतं." टीव्हीवर असं कुणी म्हणताना मी पाहिलेलं नाही. मग पाऊण तास मला प्रश्न. जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं, जे नव्हतं तिथे "पुढचा प्रश्न" म्हणालो. त्यावर लोक हसले, पण कुणी खोदून विचारलं नाही.

दुसरं आमंत्रण मी पिंपळगाव बसवंतला व्याह्यांना दिलं. त्यांची चार एकर द्राक्षं आहेत. आठ दिवस त्यांनी ॲपला शिव्या घातल्या, मग एका रात्री द्राक्षवाल्यांच्या खोलीत खरड छाटणीनंतरच्या काडीवर अर्धा तास वाद ऐकला आणि तेव्हापासून रोज हजर. सांगलीकडचा एक बागायतदार आणि हे, दोघं रात्री द्राक्षावरच्या डावणी रोगावर बोलतात. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. माझ्याशी व्याही फोनवर दोन मिनिटांवर कधी बोलले नव्हते.

आता उणं काय ते. तेव्हा बोललेलं राहत नव्हतं. खोली मोडली की संपलं, मागे जाऊन ऐकता येत नव्हतं. भुताच्या गोष्टीला हे शोभतं, पण त्या छाटणीच्या चर्चेचं काय? व्याही वही घेऊन बसतात. आणि दुसऱ्या बाजूने, राहत नाही म्हणून सगळे मोकळे बोलायचे, पण ते तितकंसं खरं नव्हतं. खोली चालू असेपर्यंत कंपनी तात्पुरतं ध्वनिमुद्रण ठेवायची, तक्रार आली तर तपासायला, नसेल तर पुसायची, असं तिचेच तेव्हाचे नियम सांगत. शिवाय खालचा कुणी दुसऱ्या फोनवर टेप करत असेल तर तुम्ही काय करणार? २०२१च्या फेब्रुवारीत एका वापरणाऱ्याने अनेक खोल्यांतला आवाज परस्पर स्वतःच्या वेबसाइटवर वाजवला. कंपनीने त्याला काढून टाकलं, पण वाजायचं ते वाजलं. पटांगणात माइकवर बोलतोय असं समजूनच बोलावं. घरातलं, पैशाचं, आजारपणाचं तिथे नको.

लिहून काही पाठवायची सोय आधी नव्हती, ती १४ जुलै २०२१ला आली. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांच्यासाठी या ॲपमध्ये तेव्हा काहीच नव्हतं. आमच्या प्रेसमधल्या निम्म्या लोकांचे कान मशीनने नेले. त्यांना मी हे सुचवूच शकत नव्हतो, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक लोक तेच आहेत. आणि बटणं मराठीत हवी होती. मराठीत इतकं बोललं जायचं त्या ॲपवर, आणि निघायचं बटण शोधायला इंग्रजी वाचावं लागायचं.

ट्विटरवरही असंच काहीतरी 'स्पेसेस' म्हणून होतं, पण तिथे स्वतःची बैठक बसवायला तेव्हा ६०० अनुयायी लागत. मला होते ११, त्यात पुतण्याची दोन खाती. २०२१च्या जूनमध्ये स्पॉटिफायनेही 'ग्रीनरूम' काढलं होतं. मी उघडलं नाही. एका गावात किती पारांवर बसणार.

पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा त्या सूत्रधार बाईंचा.

मग श्रावण तोंडावर आला. हिने ठरवलं, दर शुक्रवारी दुपारी चारला खोली उघडून कहाणी वाचायची. तेव्हा खोल्यांचे तीन प्रकार असायचे, ओपन, सोशल आणि क्लोज्ड. तिने क्लोज्ड निवडला, नात्यातल्या अकरा बायका, एक जपानमधून. आधी तालीम झाली. "ऐका शुक्रवारा तुमची कहाणी" म्हणून ती थांबली आणि पुढे जाईना. मला वाटलं नेट गेलं. ती म्हणाली, "कुणी हं म्हणत नाहीये. हुंकार दिल्याशिवाय कहाणी पुढे कशी नेऊ?" सगळ्यांनी शिस्तीत माइक बंद ठेवले होते, मीच शिकवलं होतं तसं. मग ठरलं की एकीने माइक चालू ठेवायचा आणि हं म्हणायचं. प्रत्येक शुक्रवारी वेगळी बाई. मला सूत्रधार केलं, काम एवढंच की हुंकारवाली सोडून कुणाचा कुकर वाजला तर तिचा माइक बंद करायचा. आणि आपला फोन गच्चीवर घेऊन बसायचं, हे तिने दोनदा सांगितलं.